लाल रेषेच्या वर दीड फूट

ज्या माणसाला कोणी घरी बोलवत नाही, त्याच्याकडे घरांचे किस्से फार जमतात. आमच्या ऑफिसात फाईल येते, सही होते, निघून जाते. किस्सा मात्र माझ्याच टेबलावर राहतो. आणि ऐकवायला घरी कोणी नाही. पोरीच्या शाळेसाठी बायको-पोरगी संभाजीनगरला. म्हणून तुमच्यासारखं कोणी सापडलं की मी सोडत नाही. बसा, चहा सांगितलाय.

आधी काम सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या गावात मी बांधकाम परवानगीचं टेबल सांभाळतो. मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढू शकतं, तिथं नकाशावर लाल रेषा मारलेली आहे. त्या रेषेच्या आत घर बांधायचं, तर जोतं, म्हणजे घर ज्या चौथऱ्यावर उभं राहतं तो, पुराच्या त्या पातळीच्या दीड फूट वर पाहिजे. एवढाच नियम! या एवढ्याशा नियमावर नऊ वर्षं शिव्या खातोय. गावात माझं आडनाव कोणाला ठाऊक नाही. सगळे "जोतंवाले सायब" म्हणतात.

मोजमापाची उंच पट्टी धरायला सोबत शेळकेमामा. रिटायरमेंटला आलेले, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

*

नारायणबापूंचं घर मारुतीच्या देवळाला लागून. जोतं किती वर घ्यावं लागेल ते सांगितल्यावर बापू खालीच बसले.

"मारुती खाली आन मी वर? गाव मला जगू देईल का सायब?"

शेळकेमामा म्हणाले, "बापू, पाणी आलं तर मारुतीला उडता येतं. तुमाला येतं का?"

बापू आठ दिवस गायब. नवव्या दिवशी बघतो तर गल्लीनं वर्गणी काढलेली, गुरव बोलावलेला, आणि देवाचा चौथरा चार फूट उचललेला! बापू फाईल घेऊन हजर.

"आता माजं मोजा. देवापेक्षा दोन बोटं कमी भरतंय." मग माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "आन मारुतीनं परवानगी घेतली न्हाई, तेवढं सांभाळून घ्या!"

*

वडवणीकडचा एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, होता. त्याच्या परवानगीच्या कागदावर लिहिलेलं, जोतं जमिनीपासून चार फूट. आम्ही तपासायला गेलो. टेप लावला, बरोबर चार फूट! मी खूश होऊन सही करणार, तेवढ्यात मागं धप्प आवाज. शेळकेमामा खड्ड्यात!

पठ्ठ्यानं जोतं दोनच फूट बांधलेलं, आणि घराच्या चारही बाजूंची माती दोन फूट खोदून काढलेली.

"अहो, हे काय?"

"सायब, जमिनीपासून म्हणलंत. जमीन कुठली ते कुठं लिवलंय?"

खड्ड्यातून शेळकेमामांचा आवाज आला, "घर वर ने म्हणलं, तर गावच खाली नेलंस की बे!"

*

नऊ वर्षांत वास्तुशांतीचं बोलावणं एकदाच आलं. पत्रिका वाटणाऱ्याच्या चुकीनं आलं असावं, पण आलं. मी नवा शर्ट घातला, आहेराला स्टीलचा डबा घेतला, गेलो.

दारात मला बघून यजमानाचा चेहरा पडला. "सायब, आज सुट्टी हाय ना?"

"जेवायला आलोय," मी म्हणालो.

पंगतीत बसवलं, पण माझ्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामेच राहिले. मी मान वर केली की यजमान धावत यायचा. भिंतीकडे बघितलं, तर "ते प्लास्टर नंतर करतो सायब." जिन्याकडे बघितलं, तर "त्यो जिना काडून टाकनार हाय."

शेवटी मी पानातून नजरच उचलली नाही. शिरा चांगला झाला होता. आणखी मागावा असं वाटत होतं, पण वाढपी माझ्याजवळ येऊन पट्कन पुढे सरकायचा.

निघताना यजमानानं डबा परत हातात दिला. "हे नको सायब. उद्या कुनी काय म्हनायला नको."

तो डबा अजून आहे. मी त्यात पोहे ठेवतो.

*

भिवाबा मेंढरंवाला. नेकनूरकडून माळामाळानं फिरत येतो. त्यानं घर बांधायला काढलं तेव्हा नियम नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "वाड्याला काय?" म्हणजे मेंढरांच्या वाड्याला.

"जनावरांच्या शेडला लागू नाही," मी म्हणालो.

"कावून? पाणी तुमचा कागद वाचून येतं व्हय? मानसाला जोतं आन मेंढराला न्हाई?"

मी नियमाचा कागद पुन्हा उलटून बघितला. त्यानं मात्र घराचं जोतं नियमाएवढं धरलं आणि मेंढरांचा वाडा घराहून दोन हात उंच केला. सगळं गाव हसलं.

मग भादव्यात पूर आला. पाणी लाल रेषेपर्यंत चढलं. घरात शिरलं नाही, उंबऱ्याच्या दीड फूट खाली येऊन थांबलं, पण घाबरून भिवाबाचं सगळं बिऱ्हाड वाड्यात जाऊन बसलं. नंतर भेटला तेव्हा विचारलं, "काय भिवाबा, कसं काय झालं?"

"लई बेस. मेंढरांनी काय बी तक्रार केली न्हाई!"

*

त्याच पुरातला माझा किस्सा. गावाला जोतं शिकवणारा मी स्वतः राहतो कुठं? नियमाच्या आधीच्या एका जुन्या खोलीत. उंबरा म्हणजे एक वीट! सकाळपासून मी आणि शेळकेमामा भिंतींवर पाण्याच्या खुणा करत फिरत होतो. दुपारी खोलीवर गेलो तर गादी दारापर्यंत मला घ्यायला आलेली.

मी ऑफिसात येऊन बाकड्यावर बसलो. बायकोचा फोन आला.

"पाणी शिरलं का?"

"खालच्या आळीत शिरलंय. वरच्या आळीत नाही."

"मी तुमचं विचारतेय."

"मी ऑफिसात आहे," म्हणालो. खोटं नव्हतं ते.

तीन दिवस तिथंच राहिलो. शेळकेमामांकडं जावं, तर त्यांच्याच घरी तीन घरचे पाहुणे. ज्यांची घरं मी भांडून भांडून उचलायला लावली, त्यांच्यापैकी कोणी "या" म्हणालं नाही. राग नाही माझा. त्यांना वाटलं असेल, जोतंवाल्या सायबाचं घर तर सगळ्यात उंच असणार!

*

आता शेवटचा.

गोदामावशीच्या मुलानं पुण्याहून पैसे पाठवून घर बांधलं. जोतं एकदम नियमात. दाराला सात पायऱ्या. घरात मावशी एकटी. समोरच्या जुन्या, बसक्या घरात सखूबाई, तीही एकटी. दोघी रोज एकमेकींकडे बसायच्या. पण सखूबाईचे गुडघे गेलेले, त्यात डोळ्यांनी अंधुक दिसायचं. सात पायऱ्या तिला जमेनात. आणि मावशीची कंबर अशी की एकदा उतरली की चढायला दोघं लागायचे. मग दोघी आपापल्या दारात बसून गल्लीपल्याड ओरडून बोलायच्या.

एक दिवस मावशी ऑफिसात आली. कुणाकडून तरी अर्ज लिहून आणलेला. विषय, जोतं कमी करून मिळणेबाबत.

"तसं करता येत नाही मावशी. पाणी येईल."

"सायबा, तुज्या नियमानं पाणी येत नसंल. पर सखू बी येत न्हाई."

मी अर्जावर आवक शिक्का मारून ठेवला. दुसरं काय करणार?

मग तो पूर. सखूबाईच्या घरात कमरेएवढं पाणी. गल्लीतल्या चौघांनी तिला खुर्चीवर बसवून सात पायऱ्या वर नेलं आणि मावशीच्या घरात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. पंचनाम्याला आम्ही गेलो तेव्हा पाचवा दिवस होता. गल्लीतला चिखल वाळत आलेला, लोक भांडी घासत होते. मी सात पायऱ्या चढलो. आतल्या खोलीत सखूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. मावशी शेंगा सोलून तिच्या हातात देत होती. दोघी कशाला तरी खुदुखुदु हसत होत्या.

"मावशी, सखूबाईंच्या घराचा पंचनामा करायचाय. आता पाणी..."

मावशी कंबर विसरून उठली, माझा दंड धरून मला दाराबाहेर आणलं.

"हळू बोल. तिला सांगितलं न्हाई अजून."

आतून सखूबाईचा आवाज आला, "कोन हाय गं गोदे? जोतंवाला सायब हाय का? पाणी उतरलं का म्हनावं त्याला!"

मावशीनं माझा दंड सोडला नाही. नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. खाली पट्टी धरून शेळकेमामा उभे, तेही बघत होते.

पाण्याची पातळी मी नऊ वर्षांत कधी खोटी सांगितलेली नाही.

"नाही हो सखूबाई!" मी आत तोंड घालून ओरडलो. "अजून दोन पायऱ्या पाण्यात आहेत!"