सेलेमचे चौदा दिवस

चूल पेटवायला लेन्त्री पहाटे उठली, तेव्हा सेलेम रोजच्या पोत्यावर नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराशी आडवा पडला होता. मान कुणी पिळावी तशी डावीकडे वळलेली, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत आलेली, आणि डोळे या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखे सरसर हलत होते.

"काय रे, काय झालं?" ती खाली बसली. आवाज ऐकून तो धडपडत उठला, डावीकडे झुकत तीन गिरक्या घेतल्या, पाण्याच्या रांजणावर आपटला आणि पुन्हा कोसळला. लेन्त्रीने त्याला उचलायला पोटाखाली हात घातले. मोतीबिंदूने आधीच आंधळा, त्यात सगळं जग गरगरतंय, आपल्याला कोण धरतंय हे त्या जिवाला कळलंच नाही. तो चावला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. तोंडात चारच दात उरले होते, त्यातला एक तिच्या अंगठ्याखाली रुतला.

ती ओरडली नाही. त्याला हळूच पोत्यावर ठेवलं, नळाखाली हात धरला आणि कपडे धुवायचा साबण घेऊन चोळत बसली. बाली बेटावरच्या त्या डोंगरगावात हे लहान पोरालाही पाठ होतं: कुत्रं चावलं की साबण आणि पाणी, पंधरा मिनिटं. हात चोळता चोळता तिच्या लक्षात आलं, दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला जावंच लागणार. आणि तिथे गेलं की कुणाचं कुत्रं, कसं आहे, लाळ गाळतं का, हे सगळं सांगावं लागणार.

लेन्त्रीचं वय चौसष्ट. लहानपणी तिने डोक्यावरून ज्वालामुखीची वाळू वाहिली होती, लग्नानंतर नवऱ्याबरोबर उतारावर संत्र्याची तीनशे झाडं लावली आणि तो तापाने गेल्यावर एकटीने जगवली. तोंडाने फटकळ. व्यापारी तिच्याशी घासाघीस करायला कचरायचे. पण एक गोष्ट ती कुणाशी बोलत नसे. सोळा वर्षांपूर्वी कुत्री पिसाळण्याच्या रोगाची, रेबीजची, साथ आली, कुत्री मारणाऱ्या तुकड्या गावोगाव फिरल्या, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने घरची तिन्ही कुत्री फाटकाशी बांधून दिली होती. सगळे देत होते, तिनेही दिली. त्यातल्या एका कुत्रीचं आठ दिवसांचं पिल्लू नवऱ्याने संत्र्यांच्या टोपलीत झाकून ठेवलं होतं. तेच हे. सेलेम म्हणजे त्यांच्या भाषेत काळा. आता मात्र तो चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला होता.

गेली दोन वर्षं तिचा दिवस त्याच्याभोवती फिरायचा. फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात म्हणून चुलीपासून फाटकापर्यंत काथ्याची पायपुसणी अंथरलेली. घरातली कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही, कारण तो आठवणीनेच चालायचा. खायला तांदळाची पेज, त्यात कुस्करलेला भोपळा आणि उकडलेलं कोंबडीचं काळीज, दिवसातून चार वेळा थोडी थोडी. नखं दर पंधरा दिवसांनी. जुन्या लुंगीची झोळी पोटाखालून घालून त्याचा मागचा भार ती स्वतः उचलायची आणि त्याला लघवीला न्यायची. गाव हसायचं. "दादोंगने नवऱ्याचंसुद्धा एवढं केलं नाही," म्हणायचं. दादोंग म्हणजे आजी. ती म्हणायची, "नवरा चालत तरी होता."

हात धुऊन झाला तेव्हा शेजारचा पुगेर कुंपणाच्या भिंतीवरून पाहत होता. किती वेळ पाहत होता कोण जाणे.

"म्बोक," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला म्हणायचा. "लाळ गळतेय त्याची."

"म्हातारा आहे. गळते."

"मान वाकडी झालीय. आणि हाताला काय झालं?"

लेन्त्रीने हात पदरासारख्या गुंडाळलेल्या फडक्यात लपवला. भिंतीवरून पुगेरचं डोकं दिसेनासं झालं आणि थोड्या वेळाने तो गावप्रमुख गुनार्साला घेऊन फाटकातून आत आला. हातात बांबूचा सोटा होता.

पुगेरची भीती पोकळ नव्हती. त्याच साथीत त्याची धाकटी बहीण गेली होती. शेवटच्या दिवशी पाण्याचा पेला पाहून ती किंचाळली, ते अर्ध्या गावाने ऐकलं होतं.

"दादोंग," गुनार्सा म्हणाला. वयाने तो तिला मुलासारखा. "खालच्या गावात गेल्या महिन्यात एक पिसाळलेलं कुत्रं सापडलंय. लोक घाबरलेत. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"लस टोचलीय त्याला. कार्ड आहे. दीड वर्षात हा फाटकाबाहेर झोळीशिवाय गेलेला नाही. कोण चावणार याला, माझी कोंबडी?"

"लस टोचलेलीही गेलीत," पुगेर म्हणाला. "आता संपवलं तर त्याचेही हाल वाचतील."

"आणि मारून टाकलं तर मला कळणार कसं, काय झालं होतं ते? हात माझा चावलाय."

ती बोलून गेली. गुनार्साने डोकं खाजवलं आणि खिशातून फोन काढून पशुवैद्यकीय कचेरीला लावला.

दुपारी डॉक्टर सेकार आली. तिशीची, बुटकी, मोटारसायकलवरून. जाड हातमोजे घालून तिने सेलेमचे डोळे, कान, पाय पाहिले. "याला आतल्या कानाचा झटका म्हणतात," ती म्हणाली. "फार म्हाताऱ्या कुत्र्यांना येतो. तोल जातो, जहाजावर बसल्यासारखं होतं. बहुतेक तोच आहे. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे, आजी. चौदा दिवस बांधून ठेवायचा. दुसरं काही असेल तर तेवढ्यात मरेल. झटका असेल तर हळूहळू उतरेल. माझे हातमोजे घ्या, त्यांच्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तुम्ही आज, आत्ता, इंजेक्शन घ्यायचं."

"आणि तोवर?" पुगेरने विचारलं.

"तोवर कुणी जवळ जायचं नाही. मारायचंही नाही."

लेन्त्री गुनार्साच्या गाडीवरून दवाखान्यात गेली, दोन्ही दंडांत दोन इंजेक्शनं घेऊन आली. पुढचं सातव्या दिवशी.

मग सुरू झालं ते काम तिने आयुष्यात केलेल्या सगळ्या कामांपेक्षा अवघड होतं. सेलेमला कोठीच्या खोलीत ठेवलं. तो एकाच कुशीवर पडून राहिला तर हाडांवरची कातडी फाटेल, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पण कूस बदलली की जग पुन्हा फिरायचं आणि तो ओकायचा. तिने पोत्यांत भाताचा पेंढा भरून त्याच्या दोन्ही बाजूंना लोड लावले, म्हणजे त्याला घसरल्यासारखं वाटणार नाही. लघवीने ओलं झालेलं पोट कोमट पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, खोबरेल लावायचं. पेज चमच्याने, गालाच्या कडेने, थेंब थेंब. बाहेर भिंतीवर पुगेर सोटा मांडीवर घेऊन बसलेला असायचा. सकाळी यायचा, जेवायला जायचा, परत यायचा.

"तुला शेतं नाहीत का रे?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"आहेत."

"मग?"

"मग काय. इथे बसलं की झोप तरी लागेल घरी गेल्यावर."

तिचंही मन स्थिर नव्हतं. कुत्र्याचे डोळे अजून हलत होते. कधी कधी तो रिकामंच तोंड चावायचा. मग तिला वाटायचं, पुगेर बरोबर असेल तर? आपण एका मरणाऱ्या जनावराला हट्टापायी हाल सोसायला लावतोय, आणि आपलंही तेच होणार. अंगठ्याखालची जखम खाजायची. तिने ऐकलं होतं, सुरुवात अशीच होते.

पाचव्या दिवशी सकाळी तिने पाण्याचं वाडगं त्याच्यासमोर ठेवलं. सेलेमने मान पुढे केली, पाण्याला नाक लागलं आणि झटक्याने डोकं मागे घेऊन तो ठसकला. वाडगं कलंडलं.

भिंतीवरून पुगेर उतरलेला तिने ऐकला. तो खोलीच्या दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "पाण्याला भ्याला," तो म्हणाला. "मी पाहिलं. म्बोक, बाजूला हो."

"थांब."

"मी हे आधी पाहिलंय. बाजूला हो."

लेन्त्री हलली नाही. पण तिलाही घाम फुटला होता. तिने सेलेमकडे नीट पाहिलं. वाकडी मान. वाकडी मान घेऊन तो वाडग्यात तोंड घालतो तेव्हा आधी काय बुडतं? नाक. पाणी नाकात गेलं होतं. असंच असेल, की तिला असंच असायला हवं होतं?

"दारातच उभा राहा आणि बघ," ती म्हणाली. "नाही प्यायला तर तू म्हणशील ते."

तिने हातमोजे चढवले, स्वच्छ फडकं पाण्यात बुडवलं आणि त्याच्या तोंडाच्या वरच्या कडेशी हळू पिळलं. पहिला थेंब ओठावरून ओघळला. दुसराही. सोटा धरलेल्या पुगेरचा श्वास तिला ऐकू येत होता. तिसऱ्या थेंबाला सेलेमची जीभ बाहेर आली. मग फडक्यालाच लागली. तो चाटू लागला, हावऱ्यासारखा, आवाज करत. तिने फडकं चार वेळा भिजवलं.

पुगेर तिथेच उंबऱ्यावर खाली बसला.

"माझ्या बहिणीला ओरखडाच आला होता," शेवटी तो म्हणाला. "ती म्हणाली, दवाखान्यात नेऊन सोड. भाताची लावणी चालू होती खालच्या शेतात. मी म्हटलं, एवढ्याशासाठी काय जायचं."

हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. लेन्त्रीने ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं.

सातवा दिवस उजाडला, तेव्हा तिने ठरवून टाकलं होतं की दुसऱ्या इंजेक्शनाला जायचं नाही. जाऊन येऊन चार तास. आदल्या दिवशी सेलेमने पेज टाकली होती आणि कमरेच्या हाडावर लाल चट्टा आला होता. पुगेर फाटकातून आला तो थेट तिच्यासमोर उभा राहिला.

"गाडी निघतेय. जा."

"उद्या जाईन."

"आज सातवा आहे. मी मोजतोय." त्याने हात पुढे केला. "हातमोजे दे. मी बसतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, सोट्याकडे पाहिलं. "तू?"

"मी त्याच्यासाठी नाही बसत," तो म्हणाला. "तू जा, एवढंच."

ती गेली. मिनी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सारा घाट ती एकच गोष्ट पाहत होती: बंद खोली, आंधळं कुत्रं आणि सोटा घेतलेला माणूस. एका फटक्याचं काम. आणि नंतर तो म्हणणार, आपोआप गेला. कोण विचारणार? दवाखान्यात नर्स जेवायला गेलेली. इंजेक्शन व्हायला दुपार झाली. परतीच्या चढावर धुकं उतरलं आणि भाजीचा एक ट्रक आडवा झाल्याने रस्ता तासभर अडला. शेवटचा टप्पा ती चालत निघाली, चौसष्टाव्या वर्षी, जवळजवळ पळत.

फाटक आतून लावलेलं होतं. आवाज नाही. भिंतीवर कुणी नाही.

"पुगेर."

तिने फाटकाच्या फटीतून हात घालून कडी काढली. कोठीच्या दारात सोटा भिंतीला टेकवून ठेवला होता. आत पुगेर पेंढ्याच्या लोडाला पाठ लावून मांडी घालून बसला होता, दोन्ही हातांत हातमोजे, आणि बोट ओठावर.

"झोपलाय," तो कुजबुजला. "तीनदा कूस बदलली. तिसऱ्यांदा ओकला नाही. दोन तासांनी म्हणतेस ना तू, भिंतीवरून ऐकू येतं. डोळे बघ त्याचे, उठला की. मगाशी थांबले होते."

ती दाराला धरून उभी राहिली. घाटात आपण याच्याबद्दल काय काय मनात आणलं, हे आठवून तिला त्याच्या नजरेला नजर देता येईना. "जेवलास का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने भात वाढला, वर तळलेले सुके मासे आणि तिखट. तो दारातच बसून जेवला.

आठव्या दिवशी सेलेमचे डोळे पूर्ण थांबले. दहाव्या दिवशी तो झोळीच्या आधाराने उभा राहिला आणि डावीकडे झुकत सात पावलं चालला. चौदाव्या दिवशी डॉक्टर सेकारने दोरी सोडली, कागदावर सही केली आणि गुनार्साने तो कागद गावाच्या मंडपात लावला. मान मात्र थोडी वाकडीच राहिली. एकविसाव्या दिवशीचं शेवटचं इंजेक्शन लेन्त्रीने चुकवलं नाही. तिला पुगेरच्या गाडीवरूनच जावं लागलं, दुसऱ्या कुणी नेऊ म्हटलं तर तो ऐकत नव्हता.

सेलेम त्यानंतर पाच महिने जगला. कोरड्या ऋतूतल्या एका दुपारी, पोट भरलेलं असताना, झोपेतच गेला. लेन्त्रीने त्याला संत्र्याच्या बागेच्या वरच्या बांधावर पुरलं. खड्डा पुगेरने खणला. माती टाकून झाल्यावर दोघं बांधावर बसले. मग तिने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, फाटकाशी बांधलेल्या त्या तीन कुत्र्यांची नावं काय होती ते. पुगेरने ती शांतपणे ऐकली आणि एक नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं.