दम्याचा कौल

काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमध तोलून द्यावा लागतो. किस्से मात्र गिऱ्हाइकं फुकट टाकून जातात. माझ्याकडे त्यांची पोती भरलीत, आणि निम्मी दमेकऱ्यांची! डोक्याला नुसता ताप!

*

पावसचे तात्या दम्याची विलायती गोळी घेत. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध?"

"छे हो!"

"मग खिशातून हे काय डोकावतंय?"

"औषध नव्हे ते डॉक्टर, काड्या आहेत!"

सोमलतेच्या काड्या. वैद्यबुवांनी काढ्यासाठी सांगितलेल्या, माझ्याच दुकानातल्या!

*

बापूंना डॉक्टरांनी ओढायला धोतऱ्याची सिगारेट दिली, वैद्यबुवांनी प्यायला कनकासव. अहो, कनक म्हणजे धोतराच! पण सांगतो कोण, ऐकतो कोण! दोन्ही घेऊन बापू बाजारात आले. घशाला कोरड, डोळे तारवटलेले. माझ्या हिरड्याच्या पोत्याला म्हणतात, "रामराम व्याहीबुवा! घरची मंडळी बरी ना?"

त्यांची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "सख्ख्या व्याह्यांशी कधी इतकं गोड बोलले नाहीत हो!"

*

तात्या गोळीही घेत कडक कॉफीबरोबर.

"शेट, छाती धडधडते."

"मग कॉफी सोडा!"

"सोडू कशी? धडधड थांबावी म्हणून तर आणखी एक कप घेतो!"

*

शेवटी डॉक्टरच माझ्या बाकावर येऊन बसले. तात्यांना म्हणाले, "गोळीतलं सत्त्व तुमच्या त्या काड्यांसारख्याच झुडपाचं आहे. दोन्ही मिळून दुप्पट होतं. एक दिवस काळीज बंद पडेल! एक सोडा!"

डॉक्टर गेल्यावर मीही हात जोडले, "तात्या, काढा सोडा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, माणूस जाऊ नये."

तात्या म्हणाले, "डॉक्टर मुंबईच्या मुलानं ठरवलेला, वैद्य बायकोच्या माहेरचा. सोडू कुणाला? देवालाच विचारतो."

*

गुरवानं देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी गोळीची, डावी काढ्याची. जी आधी पडेल, तिचं औषध घ्यायचं.

दोन्ही एकदम पडल्या!

तात्यांनी तिथंच देवळाच्या पायरीवर बसून गोळी घेतली, वर सोबत आणलेला काढा. मी पोचलो तेव्हा छाती धरून, घामानं डबडबून बसले होते. डॉक्टरांकडे माणूस पिटाळला आणि गुरवावर उखडलो, "अरे, फक्त गोळीचीच पाकळी लावायची होतीस! तीच पडली असती!"

गुरव शांतपणे म्हणाला, "शेट, त्ये तर तुम्ही दुकानातच सांगितलं व्हतं. त्यांना पटलं नाय, म्हणून तर देवाकडं आले!"