तेरावा आकडा

माझ्या बायकोच्या मामांना जिचा संशय येणार नाही, अशी वस्तू लातूर जिल्ह्यात अजून तयार व्हायची आहे. चहा दिला तर आधी वास घेतील, मग "दूध कालचं हाय का?" म्हणून विचारतील, आणि आजचं आहे म्हटलं की "मग एवढं ठासून कामून सांगून राहिले?" म्हणतील. एसटीत तिकीट हातात पडलं की चष्मा लावून वरून खालपर्यंत वाचतील आणि चाकूरचं तिकीट चाकूरचंच निघालं म्हणून जरा नाराज होतील. त्यांचा सारा जन्म एका डाळमिलच्या गोदामात गेला. पोतं आलं की कोपरापर्यंत हात घालून तळची डाळ वर काढायची, आणि वरची डाळ फारच चांगली दिसली तर माल आणणाऱ्याकडे आणखी बारीक नजरेनं बघायचं, हा तिथला धडा. गोदाम सुटलं, पण धडा काही सुटला नाही.

लातुरात माझं किराणा मालाचं छोटं मार्ट आहे. मामा रोज सकाळी तिथं येऊन बसू लागले, आणि नेमकं त्याच सुमारास मी काउंटरवर बारकोड वाचायचं मशीन घेतलं. पहिल्या दिवशी ते बीप करून वाजलं तसे मामा म्हणाले, "वाजलं म्हंजी खरं का? कुत्रंबी भुंकतंय." मग त्यांनी अभ्यास सुरू केला. लातुरात पोरं डॉक्टर व्हायला क्लास लावतात. मामांनी क्लास लावला नाही, कारण शिकवणाऱ्याचाही संशय. पण महिनाभरात त्यांनी रेघांच्या सगळ्या जाती ओळखल्या. दुकानातल्या पुड्यावर तेरा आकडे असतात. खोक्यावर जाड काळी चौकट असते आणि तिच्यात चौदा. ट्रान्सपोर्टच्या लेबलवरच्या लांबलचक रेघांत अक्षरंही असतात. माझ्या वजनकाट्यातून निघणाऱ्या चिकटपट्टीचा नंबर दोननं सुरू व्हायचा, तिला ते म्हणायचे, "ही घरापुरती. वेशीबाहेर हिला कोण इचारत न्हाई." पैसे द्यायच्या चौकोनी कोडवर मात्र त्यांचा पक्का राग होता. "रेघांच्या खाली निदान आकडे तर लिवतेत. ह्यात माणसाला वाचाया काय हाय?"

आठशेनव्वदनं नंबर सुरू झाला की माल आपल्या देशातला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, "मामा, तसं नाही. नंबर इथं घेतलाय एवढाच त्याचा अर्थ, माल कुठलाही असू शकतो." मामांचा चेहरा उजळला. इतकी चांगली संशयाची जागा त्यांना कुणी आयती काढून दिली नव्हती.

पण त्यांचा खरा जीव तेराव्या आकड्यात. तो आधीच्या बारांवरून निघतो. एक आड एक आकडा तिपटीनं धरायचा, सगळ्यांची बेरीज करायची, आणि पुढच्या दहाला पोचायला जितके कमी पडतील तो तेरावा. शहात्तर आले तर चार. मामा हे तोंडी करायचे. गिऱ्हाईक पिशवी धरून उभं, मी घामाघूम, आणि मामा बिस्किटाच्या पुड्याकडे बघत पुटपुटतायत. "जुळला," म्हणाले की गिऱ्हाईक सुटायचं.

चाकूरला माझी मेहुणी बायकांचा बचत गट चालवते. अकरा जणींनी दुसऱ्याच्या रानातली मजुरी सोडून डाळ निवडून, पुडे भरून विकायचं ठरवलं. नांदेडच्या एका मोठ्या दुकानानं पहिली ऑर्डर दिली: तूर, मूग, हरभरा, उडीद. देतानाच बजावलं, की एक जरी चूक निघाली तरी सगळा माल परत, आणि पुन्हा यायचं नाही. मेहुणी मला म्हणाली, "दाजी, हे जमलं न्हाई तर ह्या बाया परत रानात जातेल, आन माझ्या दारात कोण यायची न्हाई."

माल निघायच्या आदल्या दिवशी मी मशीन घेऊन गेलो, मामाही बरोबर आले. मी चारही डाळींचा एकेक पुडा वाचला. चार वेळा बीप. मामा मात्र प्रत्येक पुड्यापाशी थांबून पुटपुटत बसले. उन्हं चढली, खोकी बांधायची राहिली, आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, गोदाम सुटलं तुमचं. आता आम्हाला आमचं काम करू द्या." सगळ्या बायांच्या देखत बोललो. त्याची लाज मला आजही वाटते.

मामा दोन पुडे उचलून दारातल्या उजेडात जाऊन बसले. थोड्या वेळानं हळूच हाक आली, "जावईबापू, तुरीचे शहात्तर आले. मुगाचेबी शहात्तर. मला बरं वाटून न्हाई राहिलं."

मी पुडे शेजारी शेजारी धरले. तेराच्या तेरा आकडे एकच. मुगाला वेगळा नंबर घेतला होता, तो मेहुणीच्या कागदावर होताही. पुड्यावर मात्र आला नव्हता. मशीन बीप करत होतं आणि मुगाला तूर समजत होतं, आणि मी शहाणा, नुसता आवाज ऐकून स्क्रीनकडे न बघता पुढं गेलो होतो.

प्रेसवाल्याला फोन लावला. त्याचा सगळा धंदा लग्नपत्रिकांचा. पत्रिकेत नवरा-नवरीची नावं बदलायची, बाकी गणपती, नक्षी, मजकूर तोच. त्यानं तुरीच्या पुड्यावर नाव बदलून मूग केलं, रंग बदलला आणि रेघा तशाच ठेवल्या. म्हणाला, "सर, मला वाटलं ती डिझाईनच हाय."

दुपारी नव्या चिकटपट्ट्या आल्या. बारावा आकडा एकानं पुढं, म्हणून बेरीज एकोणऐंशी आणि तेरावा एक. अकरा बाया, मेहुणी, मी आणि मामा, दिवेलागणीपर्यंत चिकटवत बसलो. मामा प्रत्येक पट्टी अंगठ्यानं दाबून बघत होते. माल गेला, आणि परत आला नाही. पुढच्या महिन्यात दुसरी ऑर्डर आली.

आता मामांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. रेघाच काय, पुडाही नीट दिसत नाही. तरी रोज ऑटोनं येतात, खुर्चीवर बसतात, आणि मी एखादा पुडा उचलून बारा आकडे वाचून दाखवतो. परवा मेहुणीकडच्या मुगाचाच पुडा हाताला लागला. मी सावकाश वाचलं. मामा बराच वेळ पुटपुटले, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं, आणि म्हणाले, "चार."

पुड्यावर एक होता.

"जुळला, मामा," मी म्हटलं.

मी वाट बघत होतो, आता म्हणतील, एवढं ठासून कामून सांगून राहिले. पण मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तुम्ही बघितलं ना? मग बास."