कॅल्शियमची बाटली

औषधांच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरवर उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडायचे, जीभ मात्र कधी दमली नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं कोंबडीचे पाय काढल्यासारखं अक्षर तिला चटकन लागायचं, म्हणून सगळे तिला चिठ्ठीबाई म्हणत. गोळी मनानं बंद करायची नाही आणि एका डबीतली दुसऱ्या डबीत भरायची नाही, हे ती गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सुनावायची. शहाणपण असं दिवसभर वाटल्यावर घरी न्यायला उरणार तरी किती?

ती स्वतः चार वर्षं उदासीवरची गोळी घेत होती. दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी तिनं ती बंद केली, कुणालाही न विचारता. तीन आठवड्यांत पार गळाठली. अंघोळ करायची म्हटलं तरी डोंगर वाटायचा. एकदा साध्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी हातात घेऊन, कशाचं ते न कळता, ती रडतच बसली, तेव्हा दुकानाच्या मालकांनी तिला गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. प्रत्येकीचं वेगळं असतं म्हणाल्या; हिचं आजारपण मागे किती टोकाला गेलं होतं ते पाहता गोळी चालू ठेवणंच बरं. गोळीमुळे क्वचित बाळ पहिले काही दिवस थरथरतं, किरकिर करतं, त्यावर लक्ष ठेवतात. फक्त बाळंतपणाच्या वेळी गोळीचं नक्की सांगायचं.

सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली: बाहेर कुणाला कळता कामा नये. लोक वेडाची गोळी म्हणतील, पोराला जन्मभर चिकटेल. भांडायला अंगात त्राण हवं, ते कुठून आणायचं? चिठ्ठीबाईनं आपल्याच हातांनी त्या गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर तिनं त्याची सालटी काढली असती. सहा महिने नणंद आली की सासूबाई कौतुकानं सांगायच्या, कॅल्शियम कसं वेळेवर घेते बघ.

कळा दोन आठवडे आधी सुरू झाल्या, तेव्हा घराजवळच्याच दवाखान्यात न्यावं लागलं आणि गोळीची नोंद असलेली डॉक्टरीणबाईंची फाइल घरी राहिली. कळा सोसता सोसता ती काय सांगणार? नर्सनं पिशवीतली बाटली पाहिली आणि कागदावर लिहिलं, कॅल्शियम.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थरथरायला लागली, दूध ओढेना. साखर तपासली, ठीक निघाली. बाळांचे डॉक्टर खाटेशी आले. नवरा, नणंद, सासूबाई, सगळे उभे होते. गरोदरपणात आईला काही औषध चालू होतं का, डॉक्टरांनी विचारलं. नर्सनं कागद वाचून दाखवला.

चिठ्ठीबाईनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या. ती इतकी थकली होती, की गप्प राहणं फार सोपं होतं. सहा महिने तेच तर केलं होतं. मग पोरीची हनुवटी पुन्हा थरथरली.

"ते कॅल्शियम नाही," ती म्हणाली. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली, सगळं सांगितलं.

नणंदेनं आपल्या आईकडे, सासूबाईंकडे पाहिलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मुलीला दोन-तीन दिवस देखरेखीखाली ठेवू, बहुतेक आपोआप ओसरेल, पण हे कालच कळायला हवं होतं, एवढं म्हणून ते तिच्याकडे वळले. "सांगितलं का नाही?"

चूक तिचीच होती, बाटली तिनंच भरली होती.

"तिला नका बोलू," सासूबाई आपल्या लेकीसमोरच म्हणाल्या. "तिचं तोंड मी बंद केलं होतं."

चिठ्ठीबाईला रडू आलं, आणि या खेपेला कशाचं ते तिला ठाऊक होतं.