कापसाच्या खोलीची कडी

"आभाळ आलं का रे? कापसाच्या खोलीची कडी काढून ठेव. मी विसरलो होतो, तसा तू नको विसरू." यवतमाळच्या दवाखान्यात बापूकाका माझ्याशी बोलले ते हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. याला दीड महिना झाला. काका कडी काढायला कधीच विसरले नव्हते, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दिग्रसजवळच्या आमच्या गावात काका आणि त्यांचा कुत्रा भुऱ्या, दोघंच राहत. माझं घर दोन घरं सोडून. भुऱ्या एरवी बैलाच्याही अंगावर जाणारा, पण वीज कडाडली की चळाचळा कापायचा. काकांच्या घरात समोरच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग असे, त्यात तो नाकापर्यंत घुसायचा. काका शेजारी बसून मोठ्यानं पेपर वाचायचे. वधू पाहिजेच्या जाहिरातीसुद्धा! मी हसलो की म्हणायचे, "काहून हासून राह्यला बे? घाबरू नको, घाबरू नको म्हटलं तर त्याले वाटते, काहीतरी हाय घाबरासारखं. पेपर वाचला का समजते, सारं रोजच्यावानीच चालू हाय."

मला मात्र कापसातले केस तेवढे दिसायचे. काकांचा कापूस जिनिंगच्या कारखान्यावर विकायला मीच नेत असे; तिथं एकदा एकानं मूठभर कापूस उचलून चारचौघांत विचारलं होतं, "कापूस आणला का कुत्रं?" ते डोक्यात बसलं. मागच्या चैत्रात काका पुसदला लग्नाला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी गाडी भरायची होती. मी भुऱ्याला मानेला धरून खोलीबाहेर काढलं आणि कडी लावली. संध्याकाळी गारांसकट वादळ आलं. भुऱ्या मला आठवला होता. तरी गेलो नाही. म्हटलं, कुत्रंच तर आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी काका परतले तेव्हा खोलीची कडी लागलेली, दारावर नखांचे ओरखडे होते आणि भुऱ्या बेपत्ता. तीन दिवस माझ्या गाडीवर मागे बसून तो सत्तरीचा माणूस हाका मारत फिरला. शेवटी भुऱ्या नाल्यावरच्या पुलाखाली सापडला, पाय मोडलेला. त्याला पोटाशी धरून काका म्हणाले, "जाताना माह्याच हातानं कडी लागली असन बाप्पा. डोकं काम देत नाही आता." तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी काय म्हणालो? "होते कधी कधी, काका." म्हणजे वर मीच त्यांना माफ केलं! लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर काका कुठं मुक्कामी गेले नाहीत. घरातून निघाले की अर्ध्या वाटेतून परत येऊन ती कडी पाहायचे. चांगला शाबूत डोक्याचा माणूस, पण स्वतःवरचा भरवसाच गेला त्यांचा. मी रोज पाहत होतो आणि रोज उद्यावर ढकलत होतो.

आता भुऱ्या माझ्याकडे असतो. परवा गडगडलं तसा लंगडत त्या खोलीकडे गेला. मी दार उघडलं, आत पेपर घेऊन बसलो, वाचायला लागलो. तो उंबऱ्यावरच थांबला, माझा हात कडीकडे जातो का ते पाहत... हा लेख छापून आला की पुढच्या गडगडाटात त्याला हाच मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. ज्यांना सांगायचं होतं ते राहिले नाहीत, आणि भुऱ्याला तर सगळं आधीपासून ठाऊक आहे.