सायकलवरचा सांगावा

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावापासून चार मैलांवर, सावलीच्या वाटेवरच्या एका खेड्यात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या गावात सायकल एकच होती आणि ती माझी होती. चांद्याला जुनी घेतलेली, काळी, मडगार्ड खडखड वाजणारी. पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं वय बावीस. त्या सायकलीवर माझा फार जीव होता, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर बसलेल्या स्वतःवर त्याहून जास्त.

सुट्टी मिळाली की मी निघायचो. कधी मूलच्या बाजाराला, कधी उलट अंगाला सावली, पुढे व्याहाड आणि त्यापुढे वैनगंगेचा काठ. रस्ता मुरमाचा, पण चढ म्हणून नाही. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येच एखाद्या तलावाची पाळ, पाळीवर मोहाची झाडं. धान कापून नेलं की त्याच ओलीवर तिकडे लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, टाकतात. तिची निळी फुलं आली की मैलच्या मैल जमीन निळसर दिसायची. मी पायडल मारत, शीळ घालत जायचो आणि वाटायचं, हा मुलूख सपाट केलाय तो माझ्याचसाठी.

हळूहळू सायकल गावाची झाली. कुणाला मूलहून औषध आणायचं असे, कुणाचं पत्र टाकायचं असे. मी कुरकुर करायचो, पण जायचो. मग एका पौषातल्या सकाळी, उजाडता उजाडता, माझ्याच आळीतला एक शेतकरी माझ्या दाराशी येऊन उभा राहिला.

"गुरुजी, माय गेली," तो म्हणाला. "बाईले आनाले लागते."

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण. नदीपल्याड, गडचिरोलीच्या अंगाला तिला दिलेली. जाताना वीस मैल, येताना वीस मैल. लेकीनं मायचं तोंड पाहावं, तिच्या हातचं पाणी मायच्या ओठांना लागावं आणि मग चिता पेटावी, अशी तिकडची रीत. पण आजवर पायी जाणारा माणूस पोचून लेक घेऊन येईपर्यंत दुसरा दिवस उजाडे. लांब दिलेल्या लेकींना तोंड दिसत नसे, राख दिसे. आता गावात सायकल होती, म्हणून या भावाला पहिल्यांदाच आशा वाटली होती.

"दिवस बुडेवरी मी वाट पाहीन," तो म्हणाला. "त्याच्या पुढं गावकरी थांबनार नाईत. आन् तिथं गेल्यावर 'मायले जास्त हाय, चाल' एवढंच म्हना. अजून एक, गुरुजी. तिच्या घरचं पानी पिऊ नका."

मी मान डोलावली, सायकलीत हवा भरली आणि निघालो. पाणी पिऊ नका, हे ऐकून मनातल्या मनात हसलोही असेन. मी मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास झालेला माणूस. असल्या समजुती मुलांच्या डोक्यातून काढणं हेच माझं काम, असं मी समजत होतो.

सावली मागं पडली, व्याहाड मागं पडलं. वैनगंगेच्या पात्रात अर्धा मैल रेती. सायकल ढकलत नेली, मग खांद्यावर घेतली. धार अरुंद होती, पण खोल. ढिवर नावाड्याच्या डोंग्यात सायकल आडवी घातली आणि पलीकडे उतरलो. पुढे पुन्हा रेती, मग पायवाट. तिच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं आणि माझ्या घशाला कोरड पडली होती.

ती खळ्यावरून आली. पस्तिशीची, उंच, केसांत तणसाचा भुसा. मला तिनं ओळखलं, कारण दिवाळीला ती माहेरी आली होती. तशीच घरात गेली आणि पाण्यानं भरलेला लोटा आणून माझ्यापुढं धरला. माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

मी तो लोटा एका दमात रिकामा केला. आणखी मागितला.

मग म्हणालो, "आईला थोडा ताप आलाय. तुमची आठवण काढते. येऊन जा म्हणाली."

"जास्त हाय" एवढंसुद्धा मी म्हणालो नाही. मला वाटलं, वीस मैल ही बाई मागं बसणार. रस्त्यात तिला भोवळ आली तर मी काय करू? त्या वेळी मी याला दया म्हणत होतो. ती भीती होती. तिच्या नवऱ्याला मात्र बाजूला नेऊन खरं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही पुढं व्हा, मी बंडीले बैल जुपून पोरायले घेऊन येतो."

ती आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसत होती. आधी लाजली, मग कॅरिअर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. नदी ओलांडली आणि तिची भीड चेपली. मागून बोलत राहिली. माय कशी हट्टी आहे, ताप आला तरी धान कांडायला बसते, कोणाचं ऐकत नाही. "मी गेल्यावर पाहा कशी उठून बसते थे," म्हणाली. मी 'हो' म्हणत होतो. प्रत्येक 'हो' नंतर पायडल जड वाटायचं. खोटं एकदाच बोलायचं असतं असं मला वाटलं होतं. ते वाटभर बोलत राहावं लागतं, हे माहीत नव्हतं.

सावलीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाजार भरलेला.

"थांबा ना गुरुजी जरासे," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कशी जाऊ? मायले संत्री आवडते."

"उशीर होईल, बाई."

"तापच हाय ना? मंग काऊन घाई करून राह्यले?"

याला उत्तर एकच होतं, आणि ते भर बाजारात सांगायची माझी छाती नव्हती. मी चिंचेखाली सायकल धरून उभा राहिलो. तिनं संत्री घेतली. मग तिला आठवलं की मायची चादर फाटली आहे. ती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली, पोत चाचपून पाहिला, परत पहिल्याकडे आली. मी सूर्याकडे पाहत होतो. दोनदा तिच्याजवळ गेलो, दोनदा तोंड उघडलं आणि "लवकर करा" एवढंच म्हणून परत फिरलो. तास गेला. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अगदी मुलीसारखा आनंद होता. चादर उलगडून मला दाखवली.

पुढचे सात मैल मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सूर्य झाडांच्या मागं गेला, आभाळ लाल झालं, मग करडं. "गुरुजी, हळू, पडन ना मी," ती मागून म्हणत होती आणि मी ऐकत नव्हतो.

गावाच्या तलावाशी आलो तर पाळीच्या पलीकडे धूर वर चढत होता. माणसं आंघोळ करून ओल्या अंगानं परत येत होती. तिचा भाऊ शेवटी होता. त्यानं सायकल पाहिली आणि तो जागीच थांबला.

ती उतरली. तिनं धुराकडे पाहिलं, भावाच्या ओल्या धोतराकडे पाहिलं.

"लय वाट पाह्यली, बाई," भाऊ म्हणाला. "दिवस बुडाला. लोक म्हनाले, आता नाई होत."

मला वाटलं होतं ती आकांत करेल. ती रडली नाही. चादरीची घडी छातीशी धरून पाळीवर बसून राहिली. अंधार पडल्यावर बायका येऊन तिला घरी घेऊन गेल्या. मी सायकल हातात धरून चालत घरी आलो.

राख सावडून झाली त्या दिवशी ती शाळेच्या ओसरीवर आली. मुलं गेली होती. खांबाला टेकून बसली.

"गुरुजी, एक विचारू? तुम्ही पानी काऊन पेले?"

मी म्हणालो, तहान लागली होती.

"आमच्याकडं असा सांगावा घेऊन आलेला मानूस पानी पेत नाई. थो काई बोलला नाई तरी समजते. तुमची सायकल दारात पाह्यली तवाच मले शंका आली होती. म्हनून तं पैले पानी आनलं. तुम्ही दोन लोटे पेले. मी म्हटलं, माय जित्ती हाय." मग म्हणाली, "तुम्ही नसतं पेलं, तं मी बाजारात उतरली नसती."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. जी गोष्ट मी अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेली, ती त्या लोकांची बोलण्याची एक रीत होती. जे तोंडानं सांगवत नाही ते एवढ्या हलक्या हातानं सांगायची. मला ती कुणी शिकवली नव्हती असंही नाही. भावानं दारात उभं राहून शिकवली होती.

"चुकलो, बाई," मी म्हणालो.

"जाऊ द्या. तुम्हाले का माहीत?" ती उठली. पदर सारखा केला आणि मग, जणू त्यासाठीच आली होती, तसं हळूच विचारलं, "तुम्ही तरी पाह्यली असन मायले. जातानी तोंड कसं होतं तिचं?"

शांत होतं, झोपल्यासारखं होतं. एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. कुणीही म्हणालं असतं. ते शब्द घेऊन ती नदीपल्याड गेली असती आणि जन्मभर पुरवून वापरले असते. पण एका खोट्यात नुकता पकडला गेलो होतो आणि आता मला खरं बोलायचा झटका आला होता.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. "निघताना मी तुमच्या घरी गेलोच नव्हतो."

ज्या म्हातारीकडून आठवड्यातून दोनदा मला भाजी यायची, तिचं घर माझ्यापासून चार घरांवर होतं.

"काऊन?" तिनं विचारलं.

त्या वेळी मी सायकलीत हवा भरत होतो, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.