परसातलं चिकाचं झाड

देवाला दाखवल्याशिवाय तोंडात काही म्हणता काही टाकलेलं नाही, असा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच होता, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. त्यासाठी पानाच्या चंचीत ते अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण बाळगत. एकदा गेवराईकडे हुरडा खायला गेलो, तर यांची चंची सुटून, देव मांडून, डोळे मिटून होईपर्यंत आम्ही आगटीतली सगळी भाजलेली कणसं साफ केली होती. तापात हकिमानं काढा दिला, तोही त्यांनी आधी देवापुढे ठेवला. वर देवाला म्हणाले, "लई कडू हाय. वास घेतलास तरी बास."

त्यांच्या पाटोद्याच्या घरी परसात आक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, हैदराबादेहून कुणी आणलेलं एक काळं चकचकीत बी रुजवलं आणि सांडपाण्यावर झाड वाढवलं. कैक वर्षांनी त्याला मातकट रंगाची फळं लागली. तसलं फळ गावात कुणी पाहिलं नव्हतं. कच्चं तोडलं की देठातून पांढरा चीक गळे. चीक रुईला असतो, रुई विषारी, तेव्हा हेही विषारीच, असा गल्लीनं फैसला केला. पोपट खातात की, असं आक्का म्हणाल्या. "पोपट मिरची बी खातो," साडू म्हणाले. त्यांची खरी अडचण निराळीच होती. विषारी असेल ते फळ देवाला दाखवायचं कसं? आणि देवाला दाखवल्याशिवाय चाखायचं तरी कसं? या पेचात दोन हंगाम फळं झाडाखाली सडली. मग शेजारची लेकरं ती उचलायला लागली, तेव्हा घाबरून साडूंनी झाड तोडायला माणूस बोलावला.

मी त्या दिवशी तिथंच होतो. कुऱ्हाड दिसताच आक्का एक पिकलेलं फळ घेऊन झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "देवाला चालत न्हाई, तुमाला चालत न्हाई. मग मीच खाते. मेले तर तोडा," म्हणाल्या, आणि फळ तोंडाशी नेलं. "अगं ए!" करत साडूंनी झडप घातली, ते हिसकून घेतलं आणि सालीसकट स्वतःच्या तोंडात कोंबलं. चंची नाही, देव नाही, डोळे मिटणं नाही. आक्का रडतच ओरडल्या, "थुका आदी! कावून खाल्लं तुमी?" साडूंनी फक्त बिया थुंकल्या. "गुळावानी हाय," म्हणाले आणि देवघरात जाऊन बसले. मरणाची वाट बघत होते की माफी मागत होते, कोण जाणे. दिवेलागणीला बाहेर येऊन त्यांनी भाकरी मागितली. झाड वाचलं.

त्या फळाला चिकू म्हणतात, हे मला पुढं औरंगाबादच्या बाजारात कळलं. आक्का गेल्या त्या साली मी पाटोद्याला गेलो, तेव्हा झाड लगडलं होतं. धीर करून विचारलं, "दादा, त्या दिवशी देवघरात देवाला काय सांगितलंत?"

"काय सांगायचं, पाव्हणं? म्हणलं, देवा, तुला लई मानसं हायत. मला ही एकच हाय."

बोलता बोलता त्यांनी एक चिकू सोलला, आणि स्वतः न खाता माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. गुळावानी होता.